उतारा

हेडाऊंच्या प्रेसमध्ये मी मुद्रितं तपासते.
महालात, चिटणीस पार्कच्या मागची गल्ली, जिन्याखाली टेबल.
लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, कुणाचा स्वखर्चाचा कवितासंग्रह,
आणि खरिपाच्या आधी दोन महिने
औषधांची माहितीपत्रकं.
औषध म्हणायचं.
विष लिहायचं ते तांबड्या त्रिकोणात,
तेही कायदा सांगतो म्हणून.

आठ भाषा एका कागदावर, चार पॉइंटांत.
मराठी सहावी, घडीच्या पोटात.
मूळ इंग्रजी समुद्रापलीकडून येतं,
मी इकडे आणते, शब्दाला साठ पैसे.
ओव्हरऑलला मी अंगरखा लिहिलं होतं.
कुणी हरकत घेतली नाही.

एकदा खोक्यावरच्या चिठ्ठीचा नमुना आला:
केवळ निर्यातीसाठी.
उत्पादक देशात वापरास परवानगी नाही.
मी पेन्सिल थांबवली.
हेडाऊ म्हणाले, "मॅडम, निर्यात म्हणजे अव्वल माल.
आपली संत्री नाही का जात?"

जातात.
आंबिया बहाराचे दोन कंटेनर त्याच बंदरावरून परत आले होते,
सालीत काहीतरी सापडलं म्हणून, कोटीत एखादा कण.
कळमन्यात पडेल त्या भावाने गेली.
आम्हीही आणली पाच किलो.
गोड होती.

ऑगस्टात बहिणीचा मोतीबिंदू, मेडिकलमध्ये.
रात्री पाणी भरायला निघाले
तर शेजारच्या वॉर्डाच्या दारात शिकाऊ डॉक्टर
मोबाइलच्या उजेडात एक कागद
उलटासुलटा करत उभा.
"मावशी, चष्मा आहे ना? वाचता का जरा?"
घडी त्यानेच मोडली असावी.
कागद अजून कडक होता, कोरा करकरीत.

खाटेवर शालिक मडावी, तालुका कुही.
पंपामागे तीस रुपये, दिवसाला बावीस पंप,
शेत कुणा दुसऱ्याचंच.
अंगात बनियन, काखेत फाटलेलं.
डोळे सताड उघडे ठेवून विचारत होता,
"लाइन गेली का वं?"
लाइन होती. पंखाही फिरत होता.

मला वाचायची गरज नव्हती.
कलम नऊ: विशिष्ट उतारा उपलब्ध नाही.
लक्षणांनुसार उपचार करावेत.
प्रतिविष की उतारा, यावर मी अर्धी दुपार घालवली होती.
उतारा सोपा वाटला. माणसांच्या तोंडातला.
चोवीस वर्षं वर्गात म्हणत आले होते,
खालील उतारा वाचा आणि प्रश्नांची उत्तरे द्या.

त्याची बायको कौतिका पायथ्याशी उकिडवी बसून ऐकत होती.
"नाही कसा उतारा?
मी आणतो न. भात, अंडं, लिंबू,
सात डाव ओवाळतो न ठेवून येतो.
मेडिकल चौकात चालते का बाई,
का तिकडं तिठ्यावर लागते?"

डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघू लागला,
मराठी त्याची नव्हती.
"काय म्हणतात त्या?"
दोन्ही भाषा मला येत होत्या.
मी बाटली हातात घेऊन उभी राहिले.

तिसऱ्या दिवशी बहिणीची पट्टी काढली.
त्या खाटेवर दुसरंच कुणी होतं, चादर तीच.
मी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं.

दिवाळीनंतर नवं मुद्रित आलं.
नवं नाव, वाघाचा जबडा, खाली रसायन तेच.
मी समासात लिहिलं: कलम नऊ वर घ्यावं, ठळक.
उत्तर आलं: मूळ मजकुरात फेरफार नको.
मग त्या ओळीत, "उपलब्ध"च्या अलीकडे,
मी एक काकपद काढलं
आणि वर काय घालायचं ते सुचेना.
कागद तसाच खाली गेला.

थोड्या वेळाने हेडाऊ जिना चढून आले,
शाईचं बोट त्या खुणेवर टेकवून म्हणाले,
"मॅडम, इथं काय राहिलं?"